टिचकी आणि दारू

मडके विकत घेताना आपण टिचकी मारून पाहतो. टिचकी जोराची मारली की नादही त्या मानाने वाढतो. एकदोन टिचक्यांत मडक्याचा स्वभाव कळतो. धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा ज्या फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यांच्या दारूला मात्र हा हिशेब लागू नाही. हलका धक्का ती मुकाट्याने सोसते, जरा मोठाही सोसते, आणि मग एकाएकी भडकते! शास्त्रज्ञ अशा वागण्याला 'अरेषीय' म्हणतात.

असल्या स्वभावाची पारख कशी करावी? अरेषीय यंत्रात नुसता गोंगाट सोडला तर काय होईल, याचे गणित अमेरिकेच्या नॉर्बर्ट वीनर यांनी १९४२ साली मांडले. (हे गृहस्थ १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पाहुणे होते.) त्याच गोंगाटाने यंत्राची ओळख पटवण्याची वाट त्यांनी १९५८ च्या ग्रंथात दाखवली.

पण यंत्र परीक्षेनंतर शिल्लक राहते, दारू राहत नाही! तिच्यासाठी दुसऱ्या महायुद्धात पेनसिल्व्हेनियातील ब्रुस्टन येथे निराळी युक्ती निघाली. दारूच्या चिमटीवर वजन टाकायचे. स्फोट झाला तर पुढच्या नव्या चिमटीवर एक पायरी खालून, न झाला तर एक पायरी वरून. या चढउतारातून दहांत पाच वेळा स्फोट घडवणारी उंची सापडते. डिक्सन आणि मूड यांनी १९४८ मध्ये तिचे गणित प्रसिद्ध केले.

युक्ती नामी खरी. पण फटाके भरणाऱ्या बाईला 'दहांत पाच' काय कामाचे? तिला हजारांत एकही नको, आणि तो आकडा सांगायला ही पद्धत फार अपुरी पडते.