परदेशी जाण्याआधीची विद्या : खानखोजे आणि पंजाबराव

परीक्षा आटोपल्या की आमच्या विभागाच्या दाराशी एकदोन विद्यार्थी हमखास येऊन उभे राहतात. "सर, कोणता कोर्स केला म्हणजे लवकर बाहेर जाता येते?" दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या कास्तकारांच्या या मुलांचे 'बाहेर' म्हणजे आता पुणे नव्हे; जर्मनी किंवा आखात. कोर्सची फी कित्येकदा शेत गहाण ठेवून भरायची असते, म्हणून उत्तर देताना आमची जीभ अडखळते. आम्ही पडलो मराठीचे अध्यापक. तरीही आपल्याच मुलखाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे आम्हांला दिसतात.

पहिले उत्तर शेजारच्या वर्ध्याचे. पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेस गेले ते सशस्त्र क्रांतीसाठी. त्यांना हवे होते लष्करी शिक्षण, आणि ते त्यांनी काही काळ घेतलेही. सोबत ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात शेतकीचा अभ्यास केला. पुढे गदर चळवळ आली, पहिल्या महायुद्धात इराणची मोहीम झाली आणि इंग्रजी राज्यात परतण्याचा मार्ग बंद झाला. १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले तेव्हा हाताशी उरली होती ती शेतकी. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. क्रांतीसोबत शिकलेली विद्या क्रांती फसल्यावर त्यांचे अन्न झाली, आणि इतरांचेही.

दुसरे उत्तर अमरावती जिल्ह्यातील पापळचे. शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख १९२० साली इंग्लंडला गेले. तेथे ते बॅरिस्टर झाले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगम-विकासावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून परतले. वरवर पाहता शेतकऱ्याच्या पोराला वेदाभ्यासाचा काय उपयोग? पण १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून ते उभे राहिले, तेव्हा धर्मशास्त्राचा आधार सांगणाऱ्यांसमोर बोलण्याचा अधिकार त्यांना याच अभ्यासाने दिला, असे आमचे मत आहे. वकिली हा चरितार्थ झाला. मोठे काम मात्र पुढेच होते. १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था, १९५५ साली भारत कृषक समाज, आणि केंद्रात कृषिमंत्री असताना दिल्लीचे १९५९-६० चे जागतिक कृषी प्रदर्शन. १९६५ साली ते गेले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली उभे राहिले, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

एकाची विद्या परदेशात रुजली, दुसऱ्याची स्वदेशी फळली. पण कोणाचीही विद्या केवळ जहाजाच्या तिकिटापुरती नव्हती. आजच्या मुलाने कोर्स निवडताना हेच पाहावे, असे आम्हांला वाटते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून गावोगाव चौकश्या वाढल्या आहेत. परंतु परिचारिकेला तेथे पूर्ण मान्यता मिळवायची तर पदविकेची तपासणी आणि सामान्यतः बी-२ पातळीची जर्मन भाषा लागते. नुसत्या प्रमाणपत्राने भागत नाही. म्हणून आधी विचारावे : त्या देशाची नोंदणी-यंत्रणा हे प्रमाणपत्र मानते का? आणि व्हिसा नाकारला गेला, तर अकोल्याच्या एखाद्या रुग्णालयात किंवा कारखान्यात याच विद्येवर पोट भरता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले की विद्यार्थी खट्टू होतो, हे आम्ही पाहतो. त्याला आम्ही इतकेच सांगतो, की सातबारा सध्या घरीच राहू दे, आणि आधी तीन महिने भाषेच्या वर्गात बसून पाहा.