बाटलीवरचा ३०

आरसी (रिमोट कंट्रोल) गाडीच्या शॉकमध्ये कुठलं तेल घालायचं, असं नागपूरच्या सक्करदरा चौकात एका दुचाकी मेकॅनिकला विचारलं, तर त्याने फोर्क ऑईल पुढे केलं. ‘तेल तेच, भाऊ.’ आकडे दोन्हीकडे सारखेच, १०, २०, ३०, म्हणून दुचाकीच्या फोर्कातलंच तेल आरसीत आलं, असं पुष्कळ जण मानतात. मला ते पटत नाही.

आकड्यांचं वळण मोटारीचंच. अमेरिकेतल्या एसएई या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ पासून इंजिन ऑईलला श्रेणी लावल्या, तिथलं. बाटलीतलं तेल मात्र सिलिकोन. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी त्याचा पाया घातला, आणि १९४३ साली कॉर्निंग ही काचेची कंपनी व डाऊ केमिकल यांनी मिळून डाऊ कॉर्निंग उभी केली. पहिलं गिऱ्हाईक युद्धातली विमानं.

या कंपनीच्या ‘२००’ नावाच्या तेलाच्या ठरावीक श्रेणींत १००, २००, ३५०, ५०० आणि १००० सेंटीस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप) येत असत. आता टीम असोसिएटेड या आरसी गाड्यांच्या कंपनीचा शॉक ऑईलचा तक्ता शेजारी धरा. १० वेट (बाटलीवरचा आकडा) म्हणजे १००, २० म्हणजे २००, ३० म्हणजे ३५०, ४० म्हणजे ५००, ८० म्हणजे १०००. एकही घर चुकत नाही! फोर्कातून आलं असतं तर हा ३५० कुठून येणार? माझं ठाम मत असं, की कारखान्यात मिळणारं तयार सिलिकोन बाटल्यांत भरलं गेलं आणि गिऱ्हाइकाला ओळखीचं वाटावं म्हणून त्यावर मोटारीचं वेट चिकटवलं. टीम असोसिएटेडच्याच १९८४च्या आरसी१० बग्गीला ॲल्युमिनियमचे, तेल भरलेले शॉक होते.

लोसी या दुसऱ्या आरसी कंपनीचं ३० वेट ३३८ सेंटीस्टोक भरतं, हा यावरचा खरा आक्षेप. पण ३५०च्या इतक्या जवळ येणं योगायोग नव्हे; मिश्रण थोडं वेगळं, मूळ माप तेच. म्हणून कंपनी बदलताना वेट सोडा, सेंटीस्टोक जुळवा.

नागपुरात तर हा हिशेब फारच उपयोगी. २५ अंशांवरून ४५ वर गेलं की खनिज तेल निम्म्याहून जास्त पातळ होतं, सिलिकोन साधारण तीस टक्केच. त्यामुळे मे महिन्यात बग्गीत ४० वेट भरावं: ५०० सेंटीस्टोकचे दुपारी साडेतीनशे उरतात, म्हणजे हिवाळ्यातलं ३० वेट.