वली-पलित : सुरकुती घालविण्याच्या वचनाचा इतिहास

जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत वार्धक्याच्या दोन खुणा जोडीने येतात : वली आणि पलित. वली म्हणजे सुरकुती, पलित म्हणजे पिकलेला केस. या खुणा आपल्या पूर्वजांनाही आपल्याइतक्याच नकोशा होत्या. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जरा दूर सारणारे रसायन हे एक स्वतंत्र अंग मानले आहे. आणि जराजर्जर च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केल्याची कथा ज्यांना ठाऊक नसेल, त्यांच्याही घरी त्या ऋषींच्या नावाचा प्राश असतो. आज सातारा-सांगलीच्या पेठांतून त्वचेच्या दवाखान्यांच्या ज्या पाट्या दिसतात, त्यांच्या मुळाशी हीच जुनी इच्छा आहे. आम्हांस येथे कोणाला नटण्याचा अथवा न नटण्याचा उपदेश करावयाचा नाही. सुरकुती घालविण्याचे वचन आमच्या मुलखात कोणी दिले, कशाच्या बळावर दिले आणि ते कितपत पाळले गेले, एवढेच पाहावयाचे आहे. कारण या वचनापायी माणसे पैसा देतात, आणि कधी कधी प्रकृतीही गमावून बसतात.

पहिले वचन लेपाचे. वाग्भटाने अष्टांगहृदयात मुखलेपाचे तीन प्रकार सांगितले आहेत : दोष घालविणारा, विष घालविणारा आणि वर्ण खुलविणारा. सहा ऋतूंना सहा निरनिराळे लेप. जाडी अंगुळाच्या चौथ्या हिश्शापासून अर्ध्या हिश्शापर्यंत. लेप तोंडावर वाळू द्यावयाचा नाही, कारण वाळलेला लेप त्वचा बिघडवतो. तो ओला करून मगच काढावयाचा. तोंडाला लेप असताना ऊन, आग, राग आणि शोक ही वर्ज्य. चेहरा कमळासारखा होईल असे आश्वासन वाग्भटही देतो. पण त्याच्या आश्वासनापेक्षा त्याची पथ्ये अधिक आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे लेप म्हटला की हळद आठवते. लग्नात हळद, दिवाळीच्या उटण्यात हळद, जखमेवरही हळदच. परंतु चरकाने वर्ण खुलविणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गट सांगितला आहे, त्यात चंदन आहे, वाळा आहे, ज्येष्ठमध आणि मंजिष्ठ आहे. हळद मात्र नाही. हळद त्याने घातली ती त्वचारोगांवरील कुष्ठघ्न द्रव्यांत आणि विषघ्न द्रव्यांत. म्हणजे जुन्या वैद्यांच्या दृष्टीने हळद ही प्रथम बिघडलेल्या त्वचेचे औषध होती.

या हळदीची मोठी पेठ म्हणजे आमची सांगली. शहरालगत कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथील जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद भरून ठेवीत. तेथल्या मातीचा गुण असा की, पेवातील हळद वर्षानुवर्षे टिके आणि तिचा रंगही उतरत नसे. २००५ च्या महापुराने यांतील बहुतेक पेवांची हानी केली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने ग्रंथ व लेख पुढे मांडले आणि १९९७ साली ते रद्द करविले. आपल्याला त्याचा अभिमान वाटला तो रास्तच. मात्र त्या लढ्याने सिद्ध झाले ते इतकेच की, जखमेवरील हळदीचे ज्ञान आपले आणि जुने आहे. हळदीने सुरकुती जाते, असे त्याने सिद्ध झाले नाही. या दोन गोष्टींची गल्लत जाहिराती नेहमी करतात.

दुसरे वचन व्यायामाचे. ते औंधातून निघाले. औंध संस्थानची गावे विखुरलेली होती. आज औंध सातारा जिल्ह्यात मोडते, तर आटपाडी सांगली जिल्ह्यात. १९०९ साली गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांना जन्माचे व्रत मानले आणि संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले. १९३६ साली ते विलायतेस गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी लंडनच्या न्यूज क्रॉनिकल पत्रात त्यांच्यावर लेखमाला लिहिली, आणि १९३८ साली ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक त्यांच्याच संपादनाने तेथे निघाले. आरोग्याबरोबर टिकणारे तारुण्य आणि सौंदर्य हेही या प्रचाराचे एक मोठे आकर्षण होते. राजेसाहेबांच्या वचनाला एक पैसाही पडत नव्हता; पडत होते ते रोजचे कष्ट. नमस्कारांनी शरीर ताठ राहते, दम वाढतो, चाल तरुण राहते. चेहऱ्यावरची रेघ मात्र त्याने पुसली जाईलच असे नाही.

तिसरे वचन बाजाराचे. औंधचे राजे नमस्कार घालीत होते, त्याच काळात मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचे अफगाण स्नो हे क्रीम खपत होते. पुढे अशा क्रीमच्या जाहिरातींचे पेवच फुटले. १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी विको कंपनी काढली आणि १९७५ साली तिचे हळदीचे क्रीम बाजारात आले. मग प्रश्न निघाला तो अबकारी खात्यापुढे : हे प्रसाधन की औषध? प्रसाधनावर कर जास्त, औषधावर कमी. हा वाद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीचा माल औषधी ठरला. करापुरता निकाल लागला. पण सामान्य माणसाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न तोच आहे. औषध म्हटले की कोणता रोग, किती मात्रा, काय अपाय, हे विचारता येते. प्रसाधन म्हटले की आपण विचारणेच सोडून देतो. आपल्या कायद्यानेही १९४० साली फक्त औषधांचा विचार केला होता. प्रसाधने त्यात आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. आणि न विचारण्याची किंमत थोडी नसते. गोरेपणाच्या व तारुण्याच्या काही क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतो.

आधुनिक विज्ञानाने या इतिहासात मोलाची भर घातली, ती सुरकुतीचे कारण शोधून. वयाने त्वचा पातळ होतेच. परंतु चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचा मोठा वाटा उन्हाचा असतो. उन्हातील अतिनील किरण त्वचेच्या आतल्या थरात शिरून तिला ताठ ठेवणारे कोलॅजनचे तंतू तोडतात. १९८६ साली अमेरिकेत आल्बर्ट क्लिगमन व सहकाऱ्यांनी अ जीवनसत्त्वापासून बनविलेले ट्रेटिनॉइन हे मलम उन्हाने जुनावलेल्या त्वचेत काही सुधारणा करते असे दाखविले. त्यासाठी महिनोन्‌महिने चिकाटी लागते, कातडी लाल होऊन सोलवटते आणि गरोदरपणी ते वर्ज्य असते. १९९२ साली कॅनडातील कॅरूथर्स दांपत्याने बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म मात्रेने कपाळाच्या आठ्या सैल होतात असे प्रसिद्ध केले. तो गुण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई. वचने खरी, पण मर्यादित; आणि ती जाणत्या डॉक्टरच्या हातची.

लेप असताना ऊन टाळा, असे वाग्भटाने सांगितले होते. आजचे त्वचावैद्य लेप असो वा नसो, प्रखर ऊन टाळा असे सांगतात. पण ऊन टाळणे ही सर्वांच्या हातची गोष्ट नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळदीची लागण होते. आठ-नऊ महिन्यांनी कंद खणून निघतात, शिजतात आणि उघड्या खळ्यावर दिवसचे दिवस वाळतात. ही कामे करणाऱ्या बाया भर उन्हात असतात. ज्या हळदीचे नाव सांगून शहरात तारुण्य विकले जाते, तिच्याच खळ्यावर त्यांच्या चेहऱ्यावर चाळिशीआधी जाळे पडते. त्यांना कोणी क्रीमची ट्यूब देऊ केली तर आम्ही आड येणार नाही. परंतु त्याआधी खळ्यावर सावलीचा मांडव, डोक्याला रुंद काठाची टोपी आणि दुपारची सुटी देता येईल. सुरकुतीवरचा इतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा इलाज आमच्या पाहण्यात नाही.

बाकीच्यांनी पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : यात काय आहे, याचा गुण किती दिवस राहतो, आणि बिघडले तर जबाबदार कोण? जो या तिन्ही प्रश्नांना न चिडता उत्तर देईल, त्याच्याकडे जावे. आणि जाऊ नये असे वाटले, तरी त्यात कमीपणा काहीच नाही. पंतप्रतिनिधींच्या व्रताला वय आडवे आले नाही, आणि केस पिकले म्हणून खळ्यावरच्या बाईचेही काम थांबत नाही.