नर्स कॉल प्रणाली

नर्स कॉल प्रणाली (परिचारिका पाचारण यंत्रणा) ही रुग्णालये, शुश्रूषागृहे, वृद्धाश्रम व मनोरुग्णालये यांत वापरली जाणारी संदेशयंत्रणा आहे. तिच्या साहाय्याने खाटेवरील रुग्ण किंवा संस्थेतील रहिवासी कर्मचाऱ्यांना मदतीसाठी बोलावू शकतो. अनेक संस्थांमध्ये कर्मचारी सुरक्षा गजर याच प्रणालीला जोडलेला असतो. त्याद्वारे संकटात सापडलेला कर्मचारी सहकाऱ्यांना बोलावतो. हाक देणाऱ्याजवळ कोणीतरी प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत ती हाक नोंदलेली व दिसती ठेवणे, हे दोन्हींमागील मूलतत्त्व आहे.

इतिहास

विजेच्या वापरापूर्वी रुग्ण हातातील घंटा वाजवून किंवा दोरी ओढून परिचारिकेला बोलावीत. घंटेचा नाद थांबला की ती कोणी वाजवली हे कळण्याचा मार्ग उरत नसे. १८५३ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेताना या उणिवेवर उपाय सुचवला. प्रत्येक मजल्यावरील रुग्णांच्या घंटा परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्यात आणि घंटा वाजताच तिच्यावरील झडप उघडून तशीच उघडी राहावी, अशी त्यांची मागणी होती. त्यामुळे कोणत्या रुग्णाने बोलावले हे परिचारिकेला नंतरही दिसणार होते. पुढे विजेच्या घंटा, दारावरील दिवे, दुतर्फा संभाषणाची सोय आणि बिनतारी उपकरणे आली; तरी त्या उघड्या झडपेमागील तत्त्व आजच्या प्रणालींतही कायम आहे.

रचना

प्रणालीचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे असतात:

* खाटेजवळील कळ: लांब तारेला जोडलेली असते व रुग्णाच्या हाताशी ठेवली जाते. हात हलवता न येणाऱ्या रुग्णांसाठी हलक्या स्पर्शाने किंवा फुंकरीने चालणाऱ्या कळा उपलब्ध आहेत.
* स्नानगृह व शौचालयातील दोरी: पडलेल्या व्यक्तीचाही हात पोहोचावा म्हणून ती जमिनीजवळपर्यंत सोडलेली असते. ब्रिटनमधील इमारत नियमांच्या मार्गदर्शिकेनुसार अपंगांसाठीच्या शौचालयातील दोरी लाल असावी व तिला ५० मिलिमीटर व्यासाच्या दोन कड्या असाव्यात. एक जमिनीपासून १०० मिलिमीटरवर आणि दुसरी ८०० ते १,००० मिलिमीटरवर.
* दारावरील दिवा: मार्गिकेतून जाणाऱ्या कर्मचाऱ्याला हाक कोणत्या खोलीतून आली हे दाखवतो.
* मध्यवर्ती फलक: परिचारिकांच्या कक्षात असतो. त्यावर खोली, खाट व हाकेचा प्रकार दिसतो.
* रद्द करण्याची कळ: ती हाक आलेल्या जागीच बसवलेली असते. दूर बसून हाक बंद करता आली, तर रुग्णाकडे कोणी न जाताच ती संपल्याची नोंद होऊ शकते.

हाकांचे प्रकार

सर्व हाका सारख्या तातडीच्या नसतात, म्हणून त्यांचा क्रम लावला जातो. खाटेजवळील कळ दाबल्यास साधी हाक नोंदली जाते, तर शौचालय किंवा स्नानगृहातून आलेली हाक सामान्यतः अधिक तातडीची मानली जाते. रुग्णाजवळ असलेल्या परिचारिकेला दुसऱ्याची मदत हवी असल्यास ती साहाय्यक हाक देते. हृदयक्रिया बंद पडल्यास द्यायच्या हाकेला अनेक रुग्णालयांत ‘कोड ब्लू’ म्हणतात. प्रत्येक प्रकारासाठी दिव्याचा रंग व आवाजाची लय वेगळी असते. ठरावीक वेळेत उत्तर न मिळाल्यास हाक आपोआप अन्य कर्मचाऱ्यांकडे किंवा वरिष्ठांकडे जाईल, अशी सोयही करता येते.

कर्मचारी सुरक्षा गजर

मनोरुग्ण विभाग, अपघात विभाग आणि रात्रपाळीत एकटा कर्मचारी असलेल्या ठिकाणी हल्ल्याचा धोका अधिक असतो. तेथे कर्मचारी कमरेला किंवा गळ्यात लहान प्रक्षेपक बाळगतात. त्यावरील कळ दाबली किंवा पिन ओढली की गजर होतो. काही उपकरणे ती धारण करणारी व्यक्ती आडवी पडल्यास स्वतःहून संदेश पाठवतात. हल्लेखोर अधिक चिडू नये म्हणून घटनास्थळी आवाज न करता केवळ सहकाऱ्यांना सूचना देणारा मूक गजरही वापरला जातो.

या गजरात स्थाननिश्चिती महत्त्वाची असते, कारण कर्मचारी फिरता असतो. रेडिओलहरी भिंतीपलीकडे जात असल्याने केवळ त्यांवरून नेमकी खोली ओळखणे अवघड जाते. अवरक्त किरण भिंतीतून जात नाहीत. म्हणून खोलीपुरती अचूकता हवी असेल तेथे खोल्यांमध्ये अवरक्त संवेदक बसवले जातात.

विश्वासार्हता

तार तुटली, कळ निखळली किंवा बिनतारी उपकरणाची बॅटरी उतरली, तर रुग्णाला ते कळत नाही. तो कळ दाबून वाट पाहत राहतो. त्यामुळे असा बिघाड प्रणालीने स्वतः ओळखून फलकावर दाखवणे आवश्यक ठरते. वीज गेल्यावर चालू राहण्यासाठी पर्यायी वीजपुरवठा आणि नियमित चाचणी यांचीही गरज असते.

अशा प्रणालींसाठी अमेरिकेत यूएल १०६९ व जर्मनीत डीआयएन व्हीडीई ०८३४ ही मानके आहेत. ब्रिटनमध्ये एचटीएम ०८-०३ ही मार्गदर्शिका वापरली जाते. अमेरिकेतील संघीय नियमांनुसार सरकारी विमायोजनांत सहभागी शुश्रूषागृहांमध्ये खाटेजवळून, शौचालयातून आणि स्नानगृहातून कर्मचाऱ्यांना बोलावता येणे बंधनकारक आहे.

मर्यादा

अनेक यंत्रांचे आवाज सतत कानी पडल्याने कर्मचाऱ्यांचे त्यांकडे दुर्लक्ष होऊ लागते. यास गजर-थकवा म्हणतात. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या गजरांविषयी रुग्णालयांना सावधगिरीची सूचना दिली होती. २००६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परिचारिकांनी ठरावीक वेळाने रुग्णांकडे फेरी मारल्यास कळ दाबण्याचे प्रमाण घटते, असे आढळले. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला कळ दाबण्याचे स्मरण राहीलच असे नाही. तिच्यासाठी खाटेतील किंवा दारावरील संवेदक वापरतात. मात्र त्यांतून सतत पाळत ठेवली जाण्याचा व खासगीपणाचा प्रश्न उभा राहतो.

भारतातील स्थिती

भारतातील अनेक खासगी रुग्णालयांत खाटेजवळ नर्स कॉलची कळ असते. सार्वजनिक रुग्णालयांच्या सामान्य कक्षांत मात्र अनेकदा रुग्णाजवळ थांबलेला नातेवाईकच परिचारिकेला बोलावून आणतो. सोबत कोणी नसलेल्या रुग्णाला अशा वेळी शेजारच्या खाटेवरील लोकांवर अवलंबून राहावे लागते.

वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसा रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. त्यानुसार असा हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कोलकात्यातील एका प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरच्या हत्येनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. कायद्यातील शिक्षा घटनेनंतर लागू होते, तर सुरक्षा गजराचा उपयोग घटना घडत असतानाच होतो. तोही गजर ऐकून धावून जाणारे पुरेसे कर्मचारी कामावर असतील, तरच परिणामकारक ठरतो.