ट्रॅव्हल ट्रेलरसाठी पिकअप : ओढक्षमतेआधी भारक्षमता पाहावी

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे घर, पिकअप ट्रकला जोडून सहलीस नेण्याची प्रथा जुनी आहे. असा ट्रक निवडताना केवळ जाहिरातीतील ओढक्षमतेवर विसंबणे धोक्याचे ठरते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीवाटे थेट ट्रकवर येतो. तो कमी पडल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो; अती झाल्यास ट्रकची मागील बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगवरील ताबा घटतो.

समजा, सामानासह ट्रेलरचे वजन ३,००० किलो आहे. जोडणीवरील भार ३०० ते ४५० किलो होईल. ट्रकची भारक्षमता ७०० किलो असेल आणि प्रवाशांचे ३००, सामान व जोडणीचे १०० किलो धरले, तर ३०० किलोच उरतात. ओढक्षमता शिल्लक असूनही असा ट्रक अपुरा पडू शकतो.

भारक्षमतेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर पौंडांत दिलेला असतो. एकाच मॉडेलमध्येही केबिन, इंजिन व चैनीच्या सोयींनुसार तो बदलतो. म्हणून जे वाहन घ्यायचे, त्याचीच पट्टी वाचावी. ट्रेलरचेही रिकामे नव्हे, तर कमाल अनुज्ञेय वजन हिशेबात धरावे. ट्रेलरच्या ब्रेकचा नियंत्रक आणि भार विभागणारी जोडणी यांचा खर्चही आधीच जमेस धरावा. घाटाच्या उतारावर या हिशेबाची खरी परीक्षा होते.