संदेश-रांग व वारंवार विचारणा

एका संगणकाने पाठविलेला संदेश दुसरा उचलून नेईपर्यंत सुरक्षित राखून ठेवणारी व्यवस्था म्हणजे संदेश-रांग होय. रांगेत काही आले की नाही, हे ग्राहक-संगणकाने ठराविक अंतराने विचारून पाहण्याच्या पद्धतीस पोलिंग म्हणतात. विचारणा विरळ असल्यास संदेश उशिरा मिळतो. दाट असल्यास बहुतेक उत्तरे रिकामी येतात व सर्व्हरची शक्ती त्यांतच खर्च होते.

या अडचणीचे मूळ एचटीटीपी या नियमावलीत आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९९० च्या सुमारास ती दस्तऐवज मागवून घेण्यासाठी आखली. तीत सुरुवात नेहमी ग्राहकाने करावयाची असते. सर्व्हर आपण होऊन बोलत नाही. यावर तीन उपाय रूढ झाले. रिकामे उत्तर आल्यास पुढील विचारणेचे अंतर वाढवीत नेणे, हा पहिला. दुसऱ्यात संदेश येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत सर्व्हर उत्तर रोखून धरतो. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या रांग-सेवेत २०१२ मध्ये ही सोय झाली. तेथे मुदत जास्तीत जास्त २० सेकंद असते. तिसऱ्या उपायात दिशाच उलटते : ग्राहकाने आधी नोंदविलेल्या पत्त्यावर सर्व्हर स्वतः सूचना धाडतो.

या तिसऱ्या उपायाचा अवलंब नवी मुंबईत तयार झालेल्या मानकांत आढळतो. रिझर्व्ह बँकेच्या ‘रेबिट’ या तेथील कंपनीने आखलेली खाते-संकलक व्यवस्थेची तांत्रिक मानके नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. खातेदाराची संमती मिळण्यास व निरनिराळ्या बँकांतून माहिती गोळा होण्यास वेळ लागतो. कर्ज देणाऱ्या संस्थेने तोवर विचारीत राहू नये, म्हणून माहिती तयार होताच संकलकाने तिला कळविण्याची तरतूद त्यांत आहे. स्थिती विचारण्याचा मार्गही खुला ठेवलेला असून सूचना न पोहोचल्यास तो उपयोगी पडतो.

अनिर्बंध विचारणेचे परिणाम १२ एप्रिल २०२५ रोजी दिसून आले. त्या दिवशी यूपीआय सेवा देशभर काही तास विस्कळित होऊन असंख्य लोकांचे व्यवहार अडकले. व्यवहारांच्या स्थितीविषयी काही बँकांकडून होणारा विचारणांचा भडिमार त्यास कारणीभूत असल्याचे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला आढळले. त्यानंतर अशी विचारणा प्रत्येक व्यवहारामागे ३ वेळांपुरती मर्यादित करण्यात आली. तसेच १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून खात्यातील शिल्लक दिवसातून ५० वेळाच पाहता येईल, असे ठरले.