कोळशाचा करार आणि पारसचे धुरांडे

आपल्या बाळापूर तालुक्यातील पारसचे धुरांडे श्रोत्यांच्या परिचयाचे आहे. त्याच्या भवितव्याचा धागा युरोपापर्यंत पोहोचतो, असे आम्ही म्हटले तर कोणास नवल वाटेल. १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली व तीन लहान शेजारी देशांनी पॅरिस येथे कोळसा-पोलादाचा करार केला. कालपरवाचे वैरी ते! परंतु खाणी बंद पडल्यास मजुरांना भत्ता व नव्या धंद्याचे शिक्षण देण्याची तरतूद त्यांनी त्यात घातली. आम्हांस तीच सर्वांत मोलाची वाटते. त्याच कुळातील युरोपीय संघाने २०२१ साली कायदा केला की, २०५० पर्यंत हवेत जाणारे व शोषले जाणारे हरितगृह वायू समसमान व्हावेत. जर्मनीने २०२० साली कोळशाच्या विजेला २०३८ ची मुदत घातली आणि कोळसा-प्रांतांस ४० अब्ज युरोपर्यंत साह्य मंजूर केले.

भारताने २०७० चे वचन २०२१ साली ग्लासगो येथे दिले; त्याचा स्वतंत्र कायदा झालेला नाही. पारसचे जुने संच बंद झाले, आता २५० मेगावॉटचे दोन आहेत. ते थांबतील तेव्हा कायम कामगाराची बदली होईल. ठेकेदाराच्या हजेरीपटावरील मजुराला कोणते कलम लागू होणार, हे आजच लिहून घेतले पाहिजे.